टॅबची टोपली

नाव : मेलेनाइटे हावेआ. वय : अठ्ठेचाळीस. पद : ग्रामस्तरीय चलत-साधन अध्यापन समन्वयक. कार्यक्षेत्र : टोंगा देशाच्या हापाई द्वीपसमूहातील एक बेट, एक शाळा, एक वर्ग. ताब्यातील साधने : सहा टॅब. शारीरिक पात्रता : अट नाही.

ही शेवटची ओळ राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या कचेरीने फारसा विचार न करता लिहिली असावी.

टॅब बोटीतून उतरले, बाईंनी ते सहावीला वाटले. समानतेच्या तत्त्वाला धरून यंत्राने जोड्या आधीच लावल्या होत्या : एका टॅबवर एक मुलगी, एक मुलगा. बाराही मुलं उठली. मुली एका दाराने बाहेर, मुलगे दुसऱ्याने. त्यांचं चुकलं नव्हतं. गावात कोण कोणाचं चुलत-मावस नाही? आणि चुलत काय, मावस काय, बहीण ती बहीणच. वयात येणाऱ्या बहिणीशेजारी बसून एकाच पडद्यात डोकं खुपसण्याचा निर्लज्जपणा त्यांना घरी कोणी शिकवला नव्हता.

बाईंनी कचेरीतल्या विलिसोनीला फोन लावला.

"जोड्या बदलता येत नाहीत, बाई. यंत्रणा परदेशातली. आणि सत्राअखेर जोडीने धडे पुरे झाले नाहीत, तर टॅब परत. पुढच्या बेटाला."

"अरे, पुस्तकं वादळाने नेली. विज्ञान काय वाळूत शिकवू?"

"नियम आहे."

"तुला बहीण आहे ना रे?"

"आहे."

"मग बस बघू तिच्याबरोबर एका टॅबवर. मला फोटो पाठव."

"बाई, असलं फोनवर बोलू नये."

"हेच तुझ्या यंत्राला सांग."

यंत्राला कोण सांगणार! बाईंनी सूचनापुस्तिका पुन्हा पुन्हा वाचली. निम्मा धडा मुलीने सोडवायचा, उरलेला मुलाने. मधे फार तर दोन मिनिटं, नाहीतर धडा बाद. दोघांनी किती अंतरावर बसावं, याबद्दल पुस्तिका गप्प होती.

सोमवारी मुली शाळेत बसल्या, मुलगे मैदानापलीकडे चर्चच्या सभागृहात. बाई "आता!" म्हणाल्या, सहा बोटांनी शेवटचं बटण दाबलं, सहा टॅब टोपलीत पडले आणि बाई पळत सुटल्या. टोंगाच्या रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळलेली बाई पळत नसते; घाई इतरांनी करायची असते. अर्ध्या वाटेत चटई सुटून पायात आली. बाई आडव्या, धडा बाद.

मंगळवारी त्यांनी चटईला दोरीचे दोन वेढे जास्त दिले.

"अगं मेलेनाइटे, मासे नासतायत की काय?" पाद्रीसाहेबांची बायको ओट्यावरून ओरडली.

"मासे थांबले असते गं! हे थांबत नाहीत!"

"चटईची तरी लाज बाळग!"

"पोरांची लाज राखतेय. माझी सुट्टीत बघू!"

गुडघा सुजला, त्या पळाल्या. पाऊस झाला, टोपलीवर मेणकापड टाकून पळाल्या. डुकरं आडवी आली, तेव्हा डुकरांना जे ऐकावं लागलं ते कोणत्याच धड्यात नव्हतं. पुढे पुढे तर "आता!" ऐकू आलं की पाद्रीसाहेबांची बायकोच झाडू घेऊन डुकरं हाकायला मैदानात उतरू लागली.

सत्र संपलं. टॅब गावातच राहिले. कचेरीचं अभिनंदनपत्र आलं : मुलगी-मुलगा सहअध्ययनाचा हा आदर्श नमुना आहे, विशेष उल्लेखनीय बाब म्हणजे, जोडीदाराचं काम संपल्यावर दुसरा विद्यार्थी लगेच उत्तर न देता सरासरी दीड मिनिट शांतपणे चिंतन करतो.

मैदान पळत ओलांडायला दीड मिनिट लागतं.