अंजनाबाईंची क्रेपची कमळं

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात आंबाडीची भाजी निवडत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. अंजनाबाई होत्या. दोन खोके भरून क्रेप कागदाची कमळं त्यांनी वाडीहून बसमध्ये उभ्यानं आणली होती, एकही पाकळी न दबू देता.

आमचं मखर अठरा वर्षं त्याच सजवत आल्या. त्यांचं खरं काम कात्रीपेक्षा अंगठ्याचं. क्रेपच्या चुण्या मधोमध हळूच ताणल्या की पाकळीला पोट येतं. जरा जास्त ताणलं की ती सपाट, मग पुन्हा चुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला येणाऱ्या बायका मखर बघत आणि लग्नाची, बारशाची सजावट त्यांनाच सांगत. वर्षभराचं काम असं आमच्याच घरून मिळायचं.

जूनमध्ये त्यांचे यजमान देवाजी धंतोलीतल्या एका दवाखान्यात वारले.

सासूबाईंची नजर आधी त्यांच्या कपाळावर गेली.

"तू काहून आली वं? यंदा मखराले हात नाही लावायचा, एवढंही समजत नाही?"

"नाही लावत, काकू. इथूनच सांगतो, नूपुरताई लावतील."

"पण फुलं तर तिच्याच हातचे," शेजारच्या शोभाताई म्हणाल्या. "का देवाजीनं पाठवले वरून?"

माझी नणंद नूपुर खो खो हसली.

"फुलं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "ऐनवेळी दुसरे कुठून आणू? गोमूत्राचं पाणी शिंपडून घेतो."

"काकू, ओलं नका करू! क्रेपचा रंग सुटते."

"आता मले शिकवून राहिली का?"

आणि त्यांनी चांगलं ओंजळीनं शिंपडलं. गुलाबी रंग पांढऱ्या पाकळ्यांवर ओघळला. पोटं बसली, कडा एकमेकींना चिकटल्या. नूपुरनं ती तशीच मखराला टाचली. "लांबून कोणाले दिसते!" मी भाजीच निवडत राहिले.

अंजनाबाई उंबऱ्याबाहेरून शेवटचं कमळ लागेपर्यंत बघत होत्या. रिकामे खोके उचलून त्या माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, उद्या जेवायले आलेल्या बायांनी विचारलं, तर हे फुलं मी केले म्हणून सांगू नका."