दहा जणांनी जिंकलेला चषक

फुटबॉलमध्ये अकरा माणसं खेळतात हे मी जपानात शिकले. गोलकीपर मैदानात नसतानाही अंतिम सामना जिंकता येतो, हे मला पुढे इंग्लंडात, रीडिंगच्या एका ऑफिसने शिकवलं. त्याचा राग अजून माझ्या डोक्यात आहे. त्यातला थोडा आता स्वतःवरच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

पुण्यात जपानी शिकले होते. त्या जोरावर कंपनीने मला तीन वर्षं जपानमधल्या समुद्राकाठच्या एका शहरात पाठवलं. शहर लहान, पण त्याला स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल क्लब होता आणि त्या क्लबचा गोलकीपर आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. पहिल्याच आठवड्यात मी रिकाम्या बाटल्यांची पिशवी भलत्याच वारी खाली ठेवली. त्या देशात हे फार म्हणजे फारच वाईट. हा सहा फुटी माणूस पिशवी घेऊन माझ्या दारात आला, कमरेत वाकला आणि कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा याचा स्वतः काढलेला तक्ता देऊन गेला. चूक माझी, आणि वाकला तो. त्या शनिवारी मी मुद्दाम त्याचा सामना बघायला गेले आणि तेव्हापासून त्या संघाची झाले.

लग्न झाल्यावर रीडिंगला आले. नवरा आयटीत. मला नोकरी मिळाली ती जगभरच्या फुटबॉलची माहिती गोळा करून वर्तमानपत्रांना आणि क्लबांना पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. जपानी वाचणारी मी एकटीच, त्यामुळे जपान आपोआप माझ्या गळ्यात पडला. तिकडे संध्याकाळी सामने संपायचे तेव्हा इकडे शनिवारची सकाळ असायची. कोण खेळलं, कोणी गोल केला, कोण बदली आलं, हे सगळं मी भरायचे. गोरे सहकारी मधूनच विचारायचे, "जपानमध्ये फुटबॉल असतो?" पहिल्या वर्षी मी हसून उत्तर द्यायचे. नंतर ते सोडलं.

त्या वर्षी माझ्या संघाचे ग्रह फिरले होते. मार्चमध्ये लीग सुरू झाली आणि मे संपला तरी विजय दोनच. लीग कपमध्ये गटातूनच बाहेर. ऑगस्टमध्ये नवा प्रशिक्षक आला. त्याने पहिल्यांदा काय केलं, तर गोलकीपरला म्हातारा ठरवून बाकावर बसवलं. सहा सामन्यांत नव्या पोराने इतके चेंडू सोडले की म्हाताऱ्याला परत उभं करावं लागलं. पण वेळ गेली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला संघ खालच्या विभागात घसरला आणि त्याच आठवड्यात गोलकीपरने या मोसमानंतर निवृत्त होणार असल्याचं जाहीर केलं. आमच्या सिस्टिममधल्या त्याच्या पानावर 'निवृत्त' हा शब्द मीच भरला.

मोसम मात्र संपला नव्हता. सम्राटांच्या नावाच्या चषकाची स्पर्धा बाकी होती. तीत विद्यापीठांचे संघसुद्धा उतरतात, आणि तिचा अंतिम सामना एक जानेवारीला होतो. वर्ष नवं, पण सामना जुन्या मोसमाचा. हे जपानमध्ये शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आमचा घसरलेला संघ या स्पर्धेत जिंकतच सुटला. उपांत्य सामना पेनल्टींवर गेला आणि म्हाताऱ्याने दोन अडवल्या. एक जानेवारीला पहाटे पाच वाजता मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले. चित्र नाही, नुसती मिनिटामिनिटाला येणारी जपानी ओळ. आम्ही एक-शून्यने जिंकलो. मी इतकी ओरडले की नवरा खाली धावत आला, गॅसवर काही पेटलं असं वाटून.

दोन तारखेला ऑफिसात जाऊन सामना भरला. दहा नावं गेली, अकरावं जाईना. सिस्टिम जपानचं वर्ष एकतीस डिसेंबरला बंद करत होती. एक जानेवारीचा सामना नव्या वर्षात गेला, आणि नव्या वर्षात गोलकीपर निवृत्त. खेळूच शकत नाही. पडद्यावर चषक जिंकलेला संघ दिसत होता दहा जणांचा.

मी मॅनेजरकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण इंग्लंडच्या बाहेर फुटबॉल नीट खेळला जातो यावर त्याचा विश्वास नव्हता.

"स्वीडनचं वर्ष डिसेंबरला बंद होतं. नॉर्वेचं होतं. मग जपानचं का नको?"

"कारण जपानची फायनल एक जानेवारीला असते आणि ती जुन्या सीझनची असते."

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला. इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की विषय संपला असं समजावं. प्रोग्रॅम बदलायचं काम त्याने यादीत टाकलं. त्याच आठवड्यात इंग्लंडच्या चौथ्या विभागातल्या कुठल्याशा खेळाडूच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते तासाभरात दुरुस्त झालं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी तसं मराठीत, त्याच्यासमोरच म्हणाले.

मग त्याने एक तोड सुचवली. सामन्याची तारीख एकतीस डिसेंबर टाक, अकराच्या अकरा नावं बसतील. मी ताठ उभी राहून सांगितलं की मी खोटी तारीख भरणार नाही. दुरुस्ती करायची तर नीट करा, ठिगळं लावू नका.

घरी नवरा म्हणाला, "अगं, टाकून दे ना ती डेट. हू इज गोइंग टू चेक?"

"प्रश्न चेकचा नाहीये. तत्त्वाचा आहे."

पुण्याला फोन केला. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "खोटी तारीख? मुळीच घालायची नाही. शाबास." माझी मान आणखी ताठ झाली. चार महिने मी दर सोमवारी मॅनेजरला त्या यादीची आठवण करून देत होते आणि दर सोमवारी मला आपण फार मोठी लढाई लढतोय असं वाटत होतं.

मे महिन्यात कंपनीच्या पत्त्यावर एक जपानी ईमेल आली. ती माझ्याकडे पाठवली गेली, कारण दुसरं कोण वाचणार. खाली नाव माझ्या गोलकीपरचं.

उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या क्लबात मुलांना गोलकीपिंग शिकवायच्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली. मग क्लबने आमच्याकडच्या नोंदी पाहिल्या आणि त्याला विचारलं, न खेळलेल्या सामन्याचा चषक तुम्ही अर्जात कसा लिहिला? पुढे त्याने लिहिलं होतं, 'कदाचित माझ्याकडूनच आपल्याला काही कळवायचं राहून गेलं असेल. आपल्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व.'

तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं चेंडूपुढे अंग झोकून देणाऱ्या माणसाला लोक खोटारडा समजत होते, आणि माफी तोच मागत होता. मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "इट्स ऑन द लिस्ट." मी जागेवर परत आले आणि एक जानेवारी खोडून एकतीस डिसेंबर भरला. अकरावं नाव निमूटपणे आत गेलं. चार मिनिटं लागली असतील. चार महिने मी ती चार मिनिटं दिली नव्हती.

लगेच त्या क्लबला फोन लावला. चूक आमची आहे, तो माणूस खरं बोलतोय, हवं तर लेखी देते, असं सांगितलं. पलीकडची बाई अतिशय गोड बोलली. जागा मागच्याच आठवड्यात भरली होती.

मी त्याला कळवलं की नोंद दुरुस्त केली आहे. मी कोण, कुठल्या मजल्यावर राहायचे, ते लिहिलं नाही. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अकरा नावं पाहिली, सगळ्यांच्या वतीने आभार. परंतु सामन्याची तारीख एक जानेवारी होती, ती चुकलेली दिसते. 'माझ्यामुळे आपल्या नोंदीत खोटं राहू नये. कृपया तारीख पूर्ववत करावी. मी त्यात नसलो तरी चालेल.'

तारीख मी एकतीस डिसेंबरच ठेवली.