पारा मारणारी सोनूबाई

वैशाख लागला की जालन्याच्या मारवाडी गल्लीतून सोनूबाईला बोलावणं यायचं. वर्षाचा गहू घरात येऊन पडलेला असे आणि कीड लागू नये म्हणून त्याला पारा चोळायचा असे. परातीत चुलीची राख घ्यायची, तिच्यावर एरंडेलाची धार सोडायची, मधोमध पारा ओतायचा आणि तळहातानं घोटत राहायचं, त्याचा चकचकणारा शेवटचा कण राखेत दिसेनासा होईपर्यंत. याला म्हणत पारा मारणं. मग ती राख गव्हाला चोळायची. राख उडू नये म्हणून कोठीची दारंखिडक्या बंद. आत भट्टी पेटल्यासारखा उकाडा, आणि बाहेर बंद दाराशी बायकांची दाटी.

दाटी गव्हासाठी नव्हती. आतून सोनूबाईची सोंगं ऐकू यायची. आत्ता कजाग सासू, आत्ता बैलबाजारातला दलाल, मध्येच तहसिलातला उर्दू झाडणारा कारकून. माणूस एकच, तेही दाराआड, पण आवाज ऐकून बायांना आख्खा बाजार दिसायचा. धापूबाई सेठाणी पदरानं डोळे पुसत ओरडायच्या, "सोनू, बस कर गं! पोट दुखून राह्यलं!" आणि आतून दलालाच्या आवाजात उत्तर यायचं, "बैल घेता का न्हाई ते आधी बोला, बाई!"

निजामी गेली त्या गडबडीच्या सालीसुद्धा तिनं हे काम सोडलं नव्हतं. पुढं हिरड्या सुजायला लागल्या, दोन दात हातात आले, तोंडाला सारखी तांब्याची चव. वय झालं म्हणून तिनं परात ठेवून दिली. हिरड्या बऱ्या झाल्या. सुटले, असं तिला वाटलं.

मोकळी अशी बरीच सालं गेली आणि मग हाताला थरथर सुटली. पाण्याचा पेला ओठांपर्यंत जाईतो अर्धा सांडायचा. उगीच संताप यायचा, मग उगीच रडू. शेजारणींची नावं आठवेनात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिला माणसांची भीती वाटायला लागली. कोणी नुसतं टक लावून पाहिलं, तरी जीभ टाळूला चिकटायची. जिनं गल्ली हसवली, ती दारात कोणी आलं की चुलीमागं जाऊन बसू लागली. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं चोरून पिते. मुलानं, मच्छिंद्रनं, मंतरलेला गंडा आणून बांधला. सोनूबाई सगळ्याला मान डोलवायची. ती फार थकली होती.

त्या वैशाखात धापूबाईंचा निरोप आला, पण सुनेला. दुर्गाच्या अंगावर दूधपितं पोर होतं, तरी ती हरखली. सोनूबाईलाही बरंच वाटलं. आपली परात घरातच राहिली.

दुर्गा कामावर गेली त्या सकाळी नातवाचा तुटलेला चांदीचा करदोटा घेऊन सोनूबाई सराफ्यात गेली. बद्रीनाथ सोनाराचं दुकान आता त्याचा मुलगा चालवायचा. म्हातारा मागच्या भिंतीला टेकून चहा पीत होता. कप बशीवर खडखडत होता. सोनूबाईनं आपला हात पदराखाली लपवला.

"लपवू नको, बाई," म्हातारा म्हणाला. "चोर चोराला वळखतो. कोणता धंदा केला?"

"गव्हाला पारा चोळत होते, भाऊ."

"मी कळसाला चोळला. सोनं पाऱ्यात कालवून कळसाला लावायचं आन्‌ आगीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं बसून राह्यतं. उडून कुठं जातो, ते आत्ता कळलं." तो हसला. दात नव्हतेच. "सोडून लई वर्सं झाली. तवा काही नव्हतं, बिलकुल. हे मंग आलं. गिऱ्हाईक दिसलं की लपावं वाटतं मला."

करदोटा तिथंच टाकून सोनूबाई निघाली.

धापूबाईंच्या ओसरीवर नेहमीच्याच बाया होत्या. कोठीचं दार बंद होतं. "ये सोनू!" धापूबाई खुश झाल्या. "तुझी सून नुसती मुकी! तू बाहेरून सोंगं कर, ती आतून चोळंल."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. जीभ टाळूला गेली ती गेलीच.

"पोर... कुठं?" तिनं कसंबसं विचारलं.

"आतच. कोपऱ्यात झोळी बांधून दिलीय."

सोनूबाईनं पदराखालचा हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. थरथर कोपरापर्यंत चढली.

"हे पाऱ्याचं हाय, सेठाणीबाई."

"पाऱ्याचं कसं? तू तर कवाच सोडला."

"सोडला, म्हनून तर... कळलं न्हाई."

"अगं, माझ्या सासूबाईंपासून चालत आलंय हे!"

"चोळणारी तुमची सासू नव्हती."

सोनूबाईनं दारावर थाप मारली. "दुर्गे, कडी काढ."

दार उघडलं. दुर्गाचे हात मनगटापर्यंत काळे. "आत्याबाई, अर्धी परात राह्यली."

"राहू दे. हात धू, राख लावून न्हाई, नुसत्या पाण्यानं धू. पोराला घे. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

दोघी बाहेर पडल्या तेव्हा धापूबाई पाठमोऱ्या होत्या. त्या साली त्यांनी गव्हात कडुलिंबाचा पाला घातला, पण सोनूबाईशी बोलणं टाकलं. दुर्गा दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊ लागली आणि रात्री भांडी जरा आदळायची. सोनूबाईचा हात काही थांबला नाही.

आठवड्यानं साळूबाई, खालच्या आळीची, पदर खोचून घरासमोरून गेली. तिला पलीकडच्या सेठांनी पारा चोळायला बोलावलं होतं. सोनूबाईनं भिंतीला धरून चपला शोधल्या.

"आता कुठं?" दुर्गा वैतागली. "तिथं तुम्हाला कोण बोलवून राह्यलं?"

"कोणी न्हाई. दाराबाहेर बसते."

"आन्‌ तोंडातून शब्द न्हाई निघाला तर?"

"मंग हात हायच की."

दुर्गानं पोर कडेवर घेतलं, म्हातारीच्या पायात चप्पल सरकवली आणि तिच्या मागून निघाली.