मनमाडला खोल्या बांधणारी बाई

दोन हजारच्या सुमारास मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि भाड्याने देण्यासाठी सहा खोल्यांची इमारत कुठल्या गावात घ्यावी, या विचारात वर्ष घालवलं. घोटी, पिंपळगाव, मनमाड, प्रत्येक गावाची मी वेगळी फाईल केली होती.

एकदा मनमाडहून नाशिकला परतताना एसटीत शेजारी पन्नाशीची एक बाई बसली. हातांवर सिमेंटचे वाळलेले डाग होते. शेंगा सोलून ती आधी मला द्यायची, मग स्वतः खायची. बोलता बोलता कळलं, मनमाडला तिच्या भाड्याच्या खोल्या बांधून होत आल्या होत्या.

"पिंपळगाव का नाही?" मी विचारलं. "तिथे द्राक्षांचा केवढा व्यापार आहे."

"हंगाम सरला की तिथली माणसं जातात, भाऊ. मी दोन्ही गावं हिंडले, नुसत्या कपड्यांच्या दोऱ्या बघत. जिथं शाळेचे गणवेश वाळतात, तिथला भाडेकरू लवकर हलत नाय. मनमाडला रेल्वेवाल्यांची पोरं लय."

माझ्या एकाही फाईलीत हे नव्हतं. मला तिचा इतका हेवा वाटला की मी पुढची शेंग घेतली नाही आणि झोपेचं सोंग घेतलं.

घरी तेच मी बायकोला माझं म्हणून ऐकवलं. पुढे आम्ही मनमाडलाच इमारत घेतली. बायको अजून पाहुण्यांना माझी हुशारी सांगते आणि मी ऐकून घेतो. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं, तरी मी ते घेतलं नसतं.