मानेखाली घेतलेलं ओझं

दापोड्यात आमचं घर बाबांच्या पाठीवर चालायचं. ते गोडाऊनमध्ये हमाल होते. पाठ धरली की खाडा, आणि खाडा पडला की आमच्या ताटात नुसती पेज. संध्याकाळी आई तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधायची आणि त्यांचे खांदे शेकायची. त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून मी बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कोणालाही ताठ मानेनं सांगतो.

नोकरीही गोडाऊनमध्येच लागली, पण ऑफिसची. ट्रकमध्ये माल नीट लागतोय का ते बघायचं. जड खाली, हलकं वर.

कॉलेजात गड फिरायचं वेड लागलं होतं. रतनगडापासून भीमाशंकरापर्यंत घाटमाथ्याच्या कडेकडेनं, सगळा संसार पाठीवर घेऊन आठ दिवस चालायचं, असं आम्ही तिघा मित्रांनी ठरवलेलं. पुढे एकाचं लग्न ठरलं, दुसरा सुरतेला गेला. मला त्या हिवाळ्यात सुट्टी मिळाली होती, पुन्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. एकटाच निघालो.

बाबा सॅककडे बघत राहिले. "आम्ही वझी उचलली ती पोटासाठी. तुला कोनी सांगितलंय रं?"

मी सॅकचे पट्टे आवळत राहिलो. त्यांनी सॅक एका हातानं उचलून पाहिली आणि भरणी चुकलीय म्हणाले. मी म्हटलं, रोज ट्रक भरून घेतो मी.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीत त्यांचं म्हणणं कळलं. तांदूळ, डाळ, स्टोव्ह, सगळं तळाशी. ट्रकच्या हिशेबानं अगदी बरोबर. पण ट्रकला वाकून चढायचं नसतं. सॅक मला पावलोपावली मागे ओढत होती. एका उंच दगडावर पाय टाकला आणि मी उलटा कलंडलो. कारवीच्या झुडपांत अडकलो म्हणून वाचलो. कोपर फुटलं. मी हाक मारली, आणि मारल्यावर लक्षात आलं, आपण कोणाचंच नाव घेतलं नाही.

परत फिरावंसं वाटलं. पश्चिमेला खाली धुरकट सपाटी पसरली होती. त्या बाजूला कुठंतरी बाबा या वेळी गोणी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत असतील. गोणी मानेच्या खाली, खांद्यांच्या मध्ये. कमरेवर कधीच नाही. त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा लहानपणभर हेच बघितलं होतं.

सॅक रिकामी केली. अंथरूण तळाला, तांदूळ आणि स्टोव्ह वर, पाठीला चिकटून. वजन तेवढंच होतं. चढ मात्र चढता आला.

पाचनई गावात एका म्हातारीनं ताक दिलं आणि विचारलं, एकलाच का? हो म्हटलं. पुढे आहुप्याच्या कड्यावर सबंध दिवस कोणी दिसलं नाही. बाबांना द्यायचं उत्तर मी मोठमोठ्यानं म्हणून पाहिलं. एकही धड जमलं नाही.

भीमाशंकरला पोचल्यावर पीसीओवरून घराशेजारच्या दुकानात फोन लावला. बाबांना बोलावलं. पोचलो म्हणून सांगितलं.

"वझं कसं घेतलंस?"

"मानेखाली."

"हां," म्हणाले आणि फोन ठेवला.

रतनगडापासून भीमाशंकरापर्यंत मी आठ दिवसांत एकटा चालत गेलो.