आरशावरचा हार

कोंडाजीला आमच्या वस्तीत सगळे बाबा म्हणतात. अंबडच्या कारखान्यांमागे जी थोडी शेतं अजून उरली आहेत, त्यांतल्या एकात तो झेंडू आणि शेवंती लावतो. माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवतो. त्याची मुलं माझ्या वर्गात होती, तेव्हापासूनची सवय.

शेतातली वाट जिथे कंपनीच्या रस्त्याला मिळते, तिथे एका कारखान्याचं उंच कुंपण आहे. वळणापलीकडचं काही दिसत नाही. त्याच वळणावर, डोक्यावर फुलांची पाटी घेऊन निघालेली त्याची बायको आक्काबाई टेम्पोखाली गेली. दहाव्याला आलेल्या हवालदाराला कोंडाजीने विचारलं, तिथे एक आरसा लावता येईल का. रडला नाही, भांडला नाही. हेच वाक्य घेऊन तो पोलीस ठाण्यात गेला, कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला, मारुतीच्या पारावर बोलला. त्यातून सुरक्षा समिती झाली: ठाण्याचे साहेब, कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी स्नेहल मॅडम, वस्तीतली काही माणसं आणि मी. कारखान्याने खांब आणि गोल फुगीर आरसा दिला, पोलिसांनी जागा ठरवली, खड्डा वस्तीने खणला. आरसा पुसायचं काम कोंडाजीने कुणाला न विचारता घेतलं. काठीला धडपं बांधून तो रोज सकाळी काच पुसायचा आणि मग बाजाराला जायचा.

दसऱ्याला आमच्याकडे जे जे राबतं त्याला हार घालतात. विळा, पाण्याची मोटार, सायकल. त्या दसऱ्याला कोंडाजीने सगळ्यात भरदार हार विकायला नेलाच नाही. शिडी लावून तो आरशाला घातला. आम्ही पाहिलं, आणि आम्हाला ते आवडलं. मॅडमनी फोटो काढला.

रात्री दव पडलं. फुलं जड झाली, दोरा सैल पडला आणि हार काचेवर उतरला. सकाळी कोंडाजी काच पुसायला येण्याआधीच त्याच्या शेजारचा बहिरू कंपनीतल्या पाळीला सायकलवरून निघाला. पूर्वी तो वळणावर खाली उतरून चालत जायचा. आरसा आल्यापासून वर बघून तसाच पुढे जायचा. त्याने वर बघितलं. झेंडू दिसले.

गाडीखाली येऊनही बहिरू वाचला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गर्दी पांगल्यावर कोंडाजीने काठीने हार काढला आणि काच पुसली.

समितीच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांनी आरशालाच दोषी धरलं. कुणी म्हणालं, आरशामुळे माणूस बेसावध होतो. कुणाला तो अपशकुनी वाटला. हाराचं नाव कुणी घेतलं नाही, मीही नाही. आक्काबाईच्या नवऱ्याला ते तोंडावर कोण सांगणार? त्यापेक्षा आरसा उतरवणं सोपं होतं. साहेबांनीही मान हलवली. आरसा काढायचं ठरणार, एवढ्यात कोंडाजी बसल्या जागेवरून बोलला.

“आरसा काढू नका. त्यानं काय केलं नाय. हार मी घातला व्हता.”

फुलांचा भाव सांगावा तसा आवाज.

“असू द्या बाबा, देवाची मर्जी,” कुणीतरी म्हणालं.

“देवानं नाय घातला. मी घातला.”

मग स्नेहल मॅडम हळूच म्हणाल्या की आरसा राहू दे, यापुढे कारखान्याचा माणूस पुसेल, बाबांना त्रास नको. दाराशी बहिरूची बायको धोंडाबाई उभी होती. ती आजवर बैठकीत कधी बोलली नव्हती.

“त्यांचा माणूस सुट्टीच्या दिवशी यायचा नाय,” ती म्हणाली. “बाबाच पुसतील. फक्त फुलं नको.”

कोंडाजीने तिच्याकडे पाहिलं नाही. मान हलवली.

आता बहिरू दारात खुर्ची टाकून बसतो. कोंडाजी काठी घेऊन समोरून जातो. दोघं एकमेकांना रामराम घालतात, त्यापुढे बोलणं जात नाही.

यंदाच्या दसऱ्याला मी मुद्दाम वळणावर गेलो होतो. कोंडाजी आला. हारांनी भरलेली पाटी त्याने खाली ठेवली, आरसा पुसला, खांबाला हात लावून थोडा उभा राहिला. मग पाटी डोक्यावर घेतली, आरशात बघितलं. रस्ता मोकळा होता. तो पलीकडे गेला.