कधीच न पळालेली गाडी

पलूसच्या त्या बंगल्यामागचं रिकामं शेड मी अजून विसरलेले नाही. फरशीवर जिथे गाडी उभी असायची तेवढाच भाग स्वच्छ होता, बाकी सगळीकडे धूळ. प्रकृतीच्या कारणाने मी पोलीस दल लवकर सोडलं. उपनिरीक्षक म्हणून मी तपासलेल्या गुन्ह्यांत मोठे गुन्हेही होते, पण मनात राहिला तो हाच.

तक्रारदार ऊसबागायतदार होते. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांची. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गाव त्यांना आबा म्हणे. गाडीचा इतिहास तक्रारदारांनीच मला सांगितला. परदेशी कंपनीने ती जात खडकाळ रस्त्यांवरच्या रॅलीसाठी घडवली होती. आपल्याकडे तशी गाडी औषधालाही सापडत नाही, आणि ही तर प्रत्यक्ष रॅलीत उतरलेली. दर खंडेनवमीला तिची पूजा होई आणि आबा जमलेल्यांना तिच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत.

"गाडी पुसायला एक पोरगा होता, त्याच्यावर माझा संशय आहे," तक्रारदार म्हणाले. पोरगा कवठे महांकाळकडच्या मेंढपाळ घरातला, विशीतला. त्याची सैन्यात निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात पडून होता. चोरीत नाव पक्कं झालं असतं, तर त्याची भरती तिथेच संपली असती.

लगेच निनावी फोन आला. शर्यतीची गाडी त्याच्या गावच्या माळावर ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे म्हणून. आम्ही पंच घेऊन गेलो. ताडपत्री काढली तर खाली बैलांच्या शर्यतीचा छकडा. पोराचा चुलता हसत पुढे आला. "आवं मॅडम, शर्यतीचीच हाय की! फकस्त बैलं जुपावी लागत्यात."

"जप्त करायची का, मॅडम?" आमचे हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले. पंचही हसले. मला त्या पोराचा कागद आठवत होता.

ठाण्यात चौकशी बहुतेक हवालदारांनीच केली. मी मुळात कमी बोलते. पोरगा विचारलं तेवढ्याचंच उत्तर देई, आणि गाडीविषयी काही विचारलं की खाली बघे.

"कुणाला इकलीस रं?"

"न्हाई सायेब."

"मग रॅलीत पळालेली येवढी मोठी गाडी गेली कुठं?"

"कुठली पळालीय? ती कवा पळालीच न्हाई," तो वैतागून बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"बघा! म्हणतोय चोरीच झाली न्हाई," 'पळाली' म्हणजे चोरीला गेली असं धरून हवालदार भडकले. मी मात्र त्या 'कवा'पाशी, म्हणजे 'कधी'पाशी, अडले होते. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. गावाकडची बोली मी एकेक शब्द वेगळा करत ऐकायची. चोरीला न गेलेल्या गाडीबद्दल 'कधीच' असं कोण म्हणेल?

मी हवालदारांना थांबवलं आणि पोराला विचारलं, "तुमच्याकडे बैल शर्यतीत उतरला, तर काय म्हणतात?"

"पळाला म्हणत्यात."

"आणि ही गाडी?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते इचारू नगा, मॅडम. मी आबांना शबूद दिलाय."

"आरं, आबा गेलं की! तुझी भरती जाईल गड्या," हवालदार म्हणाले. आता त्यांच्या आवाजात धाक नव्हता.

"जाऊ द्या."

मी पुढे विचारलं नाही. गाडी रॅलीत कधी उतरलीच नसेल, तर कुणी जाणकार ती बघायला येण्याआधी ती नाहीशी होणं घरच्यांच्याच सोयीचं होतं. तशीच पलूसला तक्रारदारांकडे गेले. "दादा, गाडी बघायला कोण येणार होतं?"

तक्रारदारांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

"पुण्याचे जाणकार," ते म्हणाले. "चासी नंबर तपासणार होते. साधी गाडी आहे मॅडम. वरून रॅलीचं रूप दिलंय. मला आबा गेल्यावर कळलं. उभ्या गावात आबा खोटे ठरले असते."

"आणि त्या पोराचं?"

"त्याचं काय होणार होतं? नंतर तक्रार मागं घेणारच होतो."

निनावी फोन त्यांच्याच माणसाने केला होता. गाडी मेढ्याजवळ, त्यांच्या सासुरवाडीच्या गोठ्यात मिळाली. पंचनामा झाला आणि तक्रार खोटी असल्याचा अहवाल न्यायालयासाठी तयार झाला.

चौकशीत गप्प बसणारा माणूस काहीतरी झाकत असतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. ते खरंही आहे. पण तो जे झाकतो ते त्याचं स्वतःचंच असेल असं नाही, हे मला या गुन्ह्याने शिकवलं. बापाचं नाव जपायला मुलाने एका निरपराध पोराला पुढे केलं. आणि तेच नाव तो पोरगा स्वतःची नोकरी पणाला लावून जपत होता.

त्याच्या पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारून वरिष्ठांकडे पाठवला, त्या दिवशी तो ठाण्यात आला. आनंद दिसत नव्हता.

"मॅडम, आबांचं कागदावर आलं का?"

"आलं. न्यायालयात खरं तेच लिहावं लागतं."

त्याने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मग येवढं लिवा, की ते मी सांगितलं न्हाई."

मी अहवाल पुन्हा उघडला आणि ते वाक्य घातलं.